घोडी

गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत माझा नातू पुण्याहून चौसाळ्यास आला, तो आपली विद्युत गिटार घेऊनच. वाद्याच्या तारा ज्या आधारावरून जातात, त्याला घोडी म्हणतात. या गिटारीच्या घोडीला एक दांडा असतो. तो दाबला की घोडी पुढे कलते, तारा सैल पडतात आणि सूर खाली उतरतो. सोडला की वाद्याच्या पाठीतल्या स्प्रिंगा घोडीला पुन्हा जागेवर ओढतात. नातवाची घोडी गंजली होती. दांडा सोडला तरी सूर मूळ जागी परतत नसे. म्हणून त्याने मापे घेऊन नवी घोडी आणली होती.

आम्ही ओसरीवर बसून तारा उतरविल्या, स्प्रिंगा सोडविल्या आणि नवी घोडी बसविली. परंतु एक तार सुरात आणावी, तर तिच्या ताणाने घोडी कलून बाकीच्या पाच उतराव्यात! तासाभरात मुलाचा धीर सुटला. "आजोबा, हा भागच खराब आहे. थोडा घासून पाहतो," असे म्हणून त्याने कानस उचलली. मी चटकन त्याचा हात धरला. एके काळी माझाही हात असाच पुढे झाला होता.

माझे वडील एकादशीला देवळात भजन म्हणत. त्यांच्या साथीला मिरजेचा एक तंबोरा असे. त्यांच्या निधनानंतर तो बरीच वर्षे गवसणीत पडून होता. मी नुकताच शिक्षक झालो होतो. वडिलांच्या पुण्यतिथीस भजन ठेवावे, या हेतूने मी तंबोरा बाहेर काढला. आवाज किंचित मंद वाटला. घोडीवर तारांनी चऱ्या पाडल्या होत्या. त्या घालविल्या की काम झाले, असे समजून, कोणासही न विचारता, मी काचकागदाने घोडी घासून घासून सपाट केली. तारा चढवून छेडल्या, तोच स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, "अरे, पत्रा का वाजवतोस?"

मुलांनो, त्या दिवशी मला जेवण गोड लागले नाही. वडिलांचा आवाज आता त्या तंबोऱ्यातच काय तो उरला होता, आणि तो मी माझ्या हाताने पुसला होता.

दुसऱ्या आठवड्यात सोलापूर, पंढरपूर करीत मी मिरज गाठली. हत्यारे घडविणाऱ्या शिकलगारांपैकी फरीदसाहेब एकोणिसाव्या शतकात तेथे वाद्ये घडवू लागले. तेव्हापासून ती कला तेथे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. २०२४ साली मिरजेच्या सतारीस व तानपुऱ्यास भौगोलिक मानांकनही मिळाले.

एका वृद्ध कारागिराने माझी घोडी बोटाने चाचपली. "गुरुजी, ही आता गेली. नवी घालावी लागेल," तो म्हणाला. मग त्याने मला समजावून सांगितले. तंबोऱ्याची घोडी सपाट दिसली तरी सपाट नसते. कासवाच्या पाठीसारखा अगदी सूक्ष्म उतार तिला असतो. तार त्या उतारास हलकेच स्पर्श करीत कंप पावते, म्हणून एका सुरातून अनेक सूर झंकारतात. हीच जवारी. तार आणि घोडी यांच्यामध्ये सरकविलेला सुताचा बारीक दोरा तो स्पर्श नेमका साधतो. पुढे वाचनात आले, की चंद्रशेखर वेंकट रामन यांनीही या घोडीचा अभ्यास करून १९२१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला होता. जे गुपित मोठ्या शास्त्रज्ञास अभ्यासावेसे वाटले, ते मी काचकागदाने पुसून टाकले होते!

नवी घोडी बसविल्यावर कारागिराने विचारले, "वडील कोणत्या पट्टीत गात?" मला सांगता येईना. "मग गुणगुणून दाखवा." मी डोळे मिटले. वडिलांची एकादशीची पहिली ओळ आठवून संकोचत गुणगुणलो. त्या सुरात तारा लावून तो कानशीचा एकेक हात फिरवी, तार छेडी, ऐके, पुन्हा थांबे. दुपार टळून गेली. अखेर चारही तारा एकमेकींत मिसळल्या आणि दुकान त्या नादाने भरून गेले. घासण्यापेक्षा ऐकण्यातच त्याचा अधिक वेळ गेला होता.

घरी येऊन मी तंबोरा छेडला. आई दारात येऊन उभी राहिली. ती काहीच बोलली नाही. हातातले सूप तसेच धरून ती वडिलांचे भजन हळूच म्हणू लागली.

माझी हकिगत ऐकून नातवाने कानस खाली ठेवली. तारांचा ताण आणि स्प्रिंगांचा ताण यांचा तोल पाहत तो एकेक तार थोडथोडी चढवू लागला. ऐकावे, थांबावे, पुन्हा ऐकावे. नवी घोडी बाजारात मिळते. पण तिला सुरात आणणारा कान ज्याचा त्यानेच तयार करावा लागतो. दिवेलागणीच्या सुमारास त्याने दांडा दाबून सोडला. सूर खाली गेला आणि अचूक आपल्या जागी परत आला.

"आजोबा," तो म्हणाला, "आता पणजोबांचा तंबोरा काढा. दोन्ही जुळतात का पाहू."