सुपारीएवढी गाठ

तांबूच्या डोक्यावरच्या गाठीला मी बिब्बा लावला. आधी हे लिहून टाकते, कारण पुढचं सगळं त्यातूनच निघालं आहे.

2022 सालचा पितृपक्ष होता. श्राद्धाच्या दिवशी आमच्या म्हसळ्याच्या घरी गाईचा, कावळ्याचा आणि कुत्र्याचा घास काढून ठेवतात. कुत्र्याचा घास मी मागच्या पडवीबाहेर चिऱ्याच्या पायरीवर ठेवला, आणि तो खायला एक तांबूस पिल्लू आलं. दोन महिन्यांचं असेल. पोट खपाटीला गेलेलं. त्याची आई पावसाळ्यात माणगावच्या रस्त्यावर गाडीखाली गेली होती, एवढं शेजाऱ्यांना ठाऊक होतं. सासूबाई म्हणाल्या, "आजच्या दिवशी आलंय, हाकलू नको त्याला." नाही हाकललं. तांबू राहिला.

चार-पाच दिवसांनी त्याला कुरवाळताना डाव्या कानाच्या वर हाताला गाठ लागली. सुपारीएवढी. आदल्या रात्री ती नव्हती, निदान मला तरी लागली नव्हती. ह्यांच्या मते गांधीलमाशी डसली होती. सासूबाई म्हणाल्या, कुणीतरी दगड मारला. कामाला येणाऱ्या मावशींनी पडवीवरून पडल्याचं सांगितलं. प्रत्येकाकडे कारण होतं, पाहिलं मात्र कुणीच नव्हतं.

त्यातच लम्पीचे दिवस. गावोगाव गुरांच्या अंगावर गाठी उठत होत्या, बैलांचे बाजार बंद झाले होते, गुरांना लस टोचण्यासाठी दवाखान्याची माणसं सकाळपासून वाड्यावस्त्यांवर फिरत होती. समोरच्या आळीतल्या एकाने गाठ पाहिली आणि म्हणाला, "वैनी, ही लम्पीच. खाडीपलीकडे सोडून या, नाहीतर गोठ्यात जाईल." लम्पीचा विषाणू गाई-म्हशींना होणारा. चावणाऱ्या माश्या, डास आणि गोचिड्या तो पसरवतात. कुत्र्याला तो होत नाही. मी तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं आहे, हे मला नुसतं वाचून कळायला हवं होतं. पण त्या संध्याकाळी मी तांबूला गोठ्यापासून लांब बांधलं आणि मनात म्हटलं, असेलही.

डॉक्टरकडे न्यायचं तेव्हा माझ्या डोक्यातच आलं नाही, आणि त्यालाही कारण आहे. माझा भाऊ परळला चाळीत राहायचा. लहानपणी मे महिन्यात त्याच्याकडे गेले की बैलघोडा हॉस्पिटलच्या फाटकाशी कुत्री कडेवर घेतलेली माणसं दिसायची. ओझ्याच्या बैलांसाठी आणि घोड्यांसाठी उभं राहिलेलं हे इस्पितळ, म्हणून लोकांच्या तोंडी ते नाव बसलं. पोट भरणाऱ्या बैलासाठी दवाखाना मला पटायचा. कुत्र्यासाठी रांग लावणारी माणसं मला रिकामटेकडी वाटायची. पुढे दिवेआगर, हरिहरेश्वरला मुंबईची माणसं कुत्री घेऊन येऊ लागली, त्यांच्या औषधांच्या पिशव्या बघून मी मैत्रिणींशी जे बोलले ते आज इथे लिहायची मला लाज वाटते. आमचं म्हणणं ठरलेलं: जनावर आपलं आपण बरं होतं, आणि नाहीच झालं तर घरात हळद आहे, चुना आहे, बिब्बा आहे.

तर मी आधी हळद-चुन्याचा लेप दिला. तो त्याने पंजाने खरवडून काढला. मग पिकलंय का ते बघायला अंगठ्याने गाठ दाबली. तांबू किंचाळला. दुसऱ्या दिवशी गाठ आवळ्याएवढी झाली आणि हाताला गरम लागू लागली, तेव्हा सासूबाईंनी कोनाड्यातली डबी काढून दिली. बिब्बा चिमट्यात धरून दिव्यावर धरला, सुटलेलं काळं तेल सुईने टिपलं आणि गाठीवर लावलं. पायात काटा मोडला की माझी आईही हेच करायची. ते करताना मला फार बरं वाटत होतं. आपण या मुक्या जिवासाठी काहीतरी करतो आहोत, हे समाधान होतं त्यात. सगळ्यात जास्त त्या समाधानाचीच मला आज भीती वाटते.

बिब्बा उतला. रात्रीत गाठीवरची कातडी लाल होऊन फोड आले, आणि माझ्या दोन बोटांवरही. आंबा, काजू, बिब्बा हे सगळे एकाच कुळातले. काजूच्या टरफलाचा चीक हात कसा भाजतो ते कोकणात पोरालाही कळतं. हे कूळ मी फळ्यावर लिहून शिकवलं होतं. तांबू रात्रभर कण्हत माझी ती बोटं चाटत होता. मला ते सहन होईना, म्हणून सासूबाईंच्या गुडघ्याच्या गोळीचा एक तुकडा कुटून मी दूधभातात कालवला. ती डायक्लोफिनॅकची गोळी होती. जबडा हलवताना दुखत असावं, तांबूने भात हुंगला आणि तोंड फिरवलं. भात तसाच राहिला. माझ्या शहाणपणाने तो वाचला नाही, दुखण्याने वाचला.

सोमवारी सकाळी त्याचा डावा डोळा सुजून बंद झाला. मग मात्र मी त्याला रोवळीत घातलं, वर जुनं लुगडं टाकलं आणि रिक्षा थांबवली. रिक्षावाला माझाच विद्यार्थी. "बाई, कुत्र्याला घेऊन गुरांच्या दवाखान्यात?" त्याने विचारलं. महिन्याभरापूर्वी मीही हेच विचारलं असतं.

डॉक्टर तरुण होते, लसीकरणाच्या फेरीवर निघायच्या बेतात होते. थांबले. गाठीला त्यांनी लगेच हात लावला नाही, हे मला पहिल्यांदा खटकलं. आधी ते नुसते बघत राहिले: पिल्लू सरळ उभं राहतं का, मान एका बाजूला कलते का, दुसरा डोळा कसा आहे. ताप पाहिला. मग विचारू लागले. कधी दिसली, किती वेगाने वाढली, आधी मऊ होती की टणक, कातडीबरोबर सरकते का, काय काय लावलं. मी हळद सांगितली, चुना सांगितला. बिब्ब्याशी अडखळले, पण सांगितला. "पोटात काही दिलं?" या प्रश्नाला मी पहिल्यांदा नाही म्हणाले. मग गोळीचंही सांगितलं.

ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मॅडम, माणसाची ही गोळी एवढ्याशा पिल्लाच्या पोटात रक्तस्राव करते, मूत्रपिंडं निकामी करते. बरं झालं खाल्ली नाही." मूत्रपिंड हा शब्द ऐकला आणि मला चिरगाव आठवलं. चिरगाव आमच्याच तालुक्यातलं. पांढऱ्या पाठीची गिधाडं तिथे अजून घरटी करतात, महाडच्या सिस्केप संस्थेने आणि गावकऱ्यांनी ती जपली आहेत. वर्गाला मी सांगत असे की डायक्लोफिनॅक टोचलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याची मूत्रपिंडं बंद पडतात. 2004 साली हे कारण सिद्ध झालं आणि 2006 साली जनावरांसाठी हे औषध देशात बंद झालं. मुलं वहीत लिहून घेत. आणि माझ्या स्वयंपाकघरात मी तेच औषध खलबत्त्यात कुटत होते. ज्ञान शाळेच्या फळ्यावर राहिलं आणि घरात डबी राहिली, एवढं मला त्या बाकावर बसून कळलं.

डॉक्टरांनी गाठीभोवतीचे केस काढले. फोडांच्या खाली, कानाच्या मुळाशी, दोन बारीक खपल्या होत्या, एकमेकींपासून बोटभर अंतरावर. "दात आहेत हे. मोठं कुत्रं चावलंय." सुळ्याचं भोक वरून बारीक आणि आत खोल असतं. कातडी एक-दोन दिवसांत मिटते, जंतू आत कोंडले जातात आणि चार दिवसांत पू साठून गळू होतं. सुईने ओढून त्यांनी खात्री केली, मग खालून छेद देऊन पू काढला, आत मिठाच्या पाण्याने धुतलं, वजन करून औषधाची मात्रा लिहिली. गाठ मी दाबली होती, हे कळल्यावर त्यांनी माझा हात धरून दाखवलं की दाबल्याने पू बाहेर येण्याऐवजी आत, आजूबाजूला पसरतो. आणि काही पिल्लांची टाळू या वयात भरलेली नसते. तिथे अंगठा पडला असता तर?

मग त्यांची नजर माझ्या बोटांवर गेली.

चावणारं कुत्रं कुणी पाहिलं नव्हतं. ते पिसाळलेलं होतं की नाही, सांगणार कोण? पिल्लाला लस नव्हती, आणि त्याने माझी फुटलेली कातडी रात्रभर चाटली होती. डॉक्टरांनी मला तिथल्या नळावर साबणाने पंधरा मिनिटं हात धुवायला लावले, घड्याळ लावून. तिथून मी थेट माणसांच्या दवाखान्यात गेले. लस त्याच दिवशी, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. ह्यांना आणि सासूबाईंनाही मी घेऊन गेले, कारण त्यांनीही तांबूला हाताळलं होतं. रेबीजची लक्षणं दिसू लागली की हातात जवळजवळ काहीच उरत नाही. घरात तिघं प्रौढ, त्यातल्या एक पंच्याऐंशी वर्षांच्या, आणि एका गाठीचं कारण शोधायच्या आत आम्ही तिच्यावर उपाय करत बसलो होतो.

तांबूलाही लशीच्या मात्रा मिळाल्या आणि त्याला रिकाम्या गोठ्यात वेगळं ठेवायला सांगितलं, सहा महिने. दिवसातून दोनदा मी दाराशी बसून बघायची: पाणी पितो का, जबडा लोंबतो का, हाक ओळखतो का. गळू दहा दिवसांत भरून आलं होतं. धास्ती मात्र होळीपर्यंत राहिली.

जानेवारीत आणखी एक गाठ लागली. डोक्याच्या मागे, मानेच्या वर, अगदी मधोमध. टणक, न सरकणारी. छातीत धस्स झालं. सासूबाई काही बोलायच्या आत मी डबी उचलून माळ्यावर टाकली. या वेळी हात लावला तो फक्त चाचपण्यापुरता. वहीत तारीख लिहिली, जागा लिहिली, दोऱ्याने माप घेतलं, गरम नाही, दुखत नाही, खाणं नेहमीसारखं, असं रोज लिहीत गेले. आठ दिवसांत दोरा तेवढाच राहिला. लशीच्या वेळी वही घेऊन गेले. डॉक्टरांनी वाचली आणि माझा हात माझ्याच डोक्याच्या मागे नेला. तिथे उंचवटा होता. कवटीचं हाड. पिल्लाचं बाळसं उतरलं की ते बोटाला लागू लागतं, काही कुत्र्यांमध्ये चांगलं ठळक असतं. त्याला काहीही करायचं नव्हतं.

त्यांनी असंही सांगितलं की तरुण कुत्र्यांच्या डोक्यावर, कानावर कधी लाल बटणासारखी गाठ येते आणि पुष्कळदा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरते. पण ती तीच आहे हे सुईने पेशी काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय ठरत नाही. मला वाटायचं, डॉक्टर म्हणजे सुया आणि चिरफाड. त्यांनी दोनदा तांबूच्या डोक्याला हात लावला, त्यातल्या एकदा काहीच केलं नाही.

सासूबाईंशी मी वाद घातला नाही. त्यांच्या उमेदीच्या काळात दवाखाना चालत जायच्या टप्प्यात नव्हता, होता तो बिब्बा. दवाखाना माझ्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर होता. म्हणून त्यांची चूक आणि माझी चूक मला एका मापाने मोजता येत नाही.

तांबू आता पायरीवर झोपतो. डाव्या कानाच्या वर रुपयाएवढ्या जागेत केस आले नाहीत. तिथली कातडी गुळगुळीत, गुलाबीसर आहे. येणारे-जाणारे विचारतात, "इथेच चावलं होतं ना कुत्रं?" चाव्याच्या जागी केस कधीच भरून आले. हा डाग बिब्ब्याचा, मी लावलेल्या, असं मी प्रत्येकाला सांगते.