एन-५ सोडा, असं मी म्हणायचे

पुण्यात शनिवार-रविवार जपानी शिकवते. जेएलपीटी या जपानी भाषेच्या परीक्षेबद्दल बरीच वर्षं नव्या विद्यार्थ्यांना माझा सल्ला ठरलेला होता : एन-५ सोडा, थेट एन-४ला बसा. नोकरी देणारे बहुतेक जण एन-३च्या खाली बघतही नाहीत, मग एन-५ या तळाच्या पातळीसाठी फी कशाला भरायची? खरं सांगायचं तर त्यात थोडा तोराही होता. हिरागाना-काताकाना या दोन लिप्या, शंभरेक कांजी चिन्हं आणि आठशेच्या आसपास शब्द, एवढ्यावर कसली परीक्षा घ्यायची! शिवाय लिहायला एक अक्षर नाही, बोलायला एक वाक्य नाही. पर्यायांतला एक गोल पेन्सिलीने काळा करायचा, की झालं. ही परीक्षा १९८४पासून चालू आहे, २०१०मध्ये चाराच्या पाच पातळ्या झाल्या, पण बोलणं काही तिच्यात आलं नाही. ही तक्रार माझी आजही आहे.

मत बदललं ते श्रवणाच्या भागामुळे.

जपानी व्याकरण मराठी माणसाच्या पटकन पचनी पडतं. क्रियापद शेवटी, आणि 'गा', 'ओ', 'नि' हे आपल्या विभक्तिप्रत्ययांसारखे नामामागे लागतात. 'त्सु'साठी जीभ वळवावी लागत नाही, 'चूल'मधला च जवळच आहे. 'मिन्ना नो निहोंगो' या पाठ्यपुस्तकाचे पहिले पंचवीस धडे हुशार मुलं भराभर उरकतात. पण ऱ्हस्व-दीर्घ? लिहिताना आपण वेलांटीवरून भांडतो, बोलताना ती पाळतो कोण! जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी किंवा आत्या. त्यातला 'बा' जरा लांबवला, की आजी. तारखांचा तर कहर आहे. 'योक्का' म्हणजे चार तारीख, 'योओका' म्हणजे आठ.

वर्गात एकदा दंतवैद्याची वेळ ठरवण्याचा संवाद लावला. एका इंजिनिअर मुलाची वही अशी, की कांजी छापल्यासारखे. त्याने चार लिहिलं, उत्तर होतं आठ. "सेन्सेई, परत लावा ना," म्हणाला. परीक्षेत परत लावत नाहीत. शेजारी बसलेल्या काकूंनी मात्र बरोबर आठ लिहिलं. त्यांची लेक नागोयाला असते, नातू व्हिडिओवर जपानीत बडबडतो. काकू अजून हिरागानावर बोट ठेवून वाचतात.

तेव्हापासून एन-५च्या गुणांच्या नियमाकडे मी वेगळ्या नजरेने बघू लागले. एकूण १८०, उत्तीर्ण व्हायला ८०. पण श्रवणाच्या ६०पैकी १९ मिळवावेच लागतात. शब्द-व्याकरण-वाचनात १२०पैकी १२० आणि श्रवणात १८ मिळाले, तरी नापास. पूर्वी मला हा खडूसपणा वाटायचा. आता वाटतं, अख्ख्या परीक्षेत शहाणपणाचा नियम हाच. श्रवणातल्या शेवटच्या प्रकारच्या प्रश्नांत तर कागदावर काहीच छापलेलं नसतं. एक वाक्य कानावर पडतं, मग तीन उत्तरं, तीही ऐकायचीच. डोळ्यांना धरायला काही नाही.

एन-४मध्येही श्रवण असतंच, मग थेट तिथे का नको, असं विचारतात. तिथे संवाद लांबतात, वेग वाढतो, व्याकरणाची नवी रूपं येतात. उत्तर चुकलं की मुलं दोष व्याकरणाला देतात आणि आणखी एक पुस्तक आणतात. एन-५मध्ये शब्द इतके थोडे, की तेवढे पाठ असूनही उत्तर चुकलं तर कान कच्चा आहे, एवढंच कारण उरतं. ही खबर जितक्या लवकर लागेल तितकी बरी. शिवाय जपानमधल्या भाषाशाळेत जाऊ बघणाऱ्यांना साधारण एन-५ पातळीचा पुरावा लागतोच. ही गोष्ट मी सोयीस्करपणे कमी बोलायचे.

आता पहिल्या महिन्यात तारखा, वेळा, किमती वह्या मिटून चालतात आणि ध्वनिफीत एकदाच लागते. "मागच्या बॅचला तर तुम्ही सोडा म्हणाला होतात," असं कुणीतरी ऐकवतं. हो, म्हणाले होते.

बोलण्याचं काम परीक्षा करत नाही, म्हणून ते मी माझ्याकडे घेतलं आहे. जुलै आणि डिसेंबरच्या पेपरआधी प्रत्येकाने माझ्यासमोर बसून पाच मिनिटं जपानीत बोलायचं. त्याला गुण नाहीत, आणि "मग कशाला, सेन्सेई?" ही कुरकुर दर बॅचला असते.