मीराजी आणि आमचा शेरा

दिल्लीस बदली झाल्यावर आम्ही उर्दू लिपी शिकलो. पण मीराजींच्या कवितेआधी त्यांच्या कहाण्याच आमच्या कानी आल्या. १९१२ साली जन्मलेले हे सनाउल्ला दार मीरा सेन या बंगाली तरुणीच्या नावावरून मीराजी झाले. वाढलेले केस, मद्य, हातांतले लोखंडी गोळे! मित्रमंडळींत आम्हीही हे रंगवून सांगत असू. पुरोगामी टीकाकारांनी त्यांचे काव्य दुर्बोध व विकृत ठरविले, तेही आम्हांस सहज पटले.

पुढे त्यांचे गद्य वाचनात आले. बोदलेअर, मालार्मे यांच्याबरोबरच विद्यापती आणि चंडीदास यांचाही उर्दू वाचकांस परिचय करून देणारा हा साक्षेपी अभ्यासक त्या कहाण्यांत कोठेच नव्हता. मग कविता वाचल्या. दुर्बोधता होतीच, पण ती मनातील अंधाराशी इमान राखणारी होती.

तेव्हा एक जुनी गोष्ट आठवली. हाताखालच्या एका कारकुनाच्या गोपनीय अहवालात केवळ ऐकीव माहितीवरून आम्ही ‘बेभरवशाचा’ असा शेरा मारला होता. त्याची बढती हुकली.

मीराजी १९४९ साली मुंबईत, अवघ्या ३७ व्या वर्षी वारले. त्यांच्याविषयीचे मत आम्हांस बदलता आले. त्या फाईलीतला शेरा मात्र आमच्या सहीनिशी तसाच राहिला.