‘पुरुष बोलतातच असं’

2016 साली पेनसिल्व्हेनियात अध्यक्षपदाचं मतदान म्हणजे 8 नोव्हेंबर, एकच दिवस. आजारी असलात किंवा गावाबाहेर असलात तरच टपालाने मत पाठवता येई. बाकी सगळ्यांनी त्या मंगळवारी केंद्रावर जायचं. शेजारच्या ओहायोत लोक ऑक्टोबरातच मत टाकून मोकळे होत होते. हे आधी सांगायचं कारण, रिपब्लिकन उमेदवार डोनाल्ड ट्रम्प यांची बायकांबद्दलच्या बढायांची ती टेप ‘वॉशिंग्टन पोस्ट’ने बाहेर काढली 7 ऑक्टोबरला. लोक संतापले तेव्हा मतदानाला महिना होता. त्या महिन्यात त्या संतापाचं काय होत गेलं ते मी दारोदार फिरताना पाहिलं, आणि अजून ते मनातून जात नाही.

मी राहते न्यू जर्सीत, एडिसनजवळ. आमच्या राज्याचा निकाल ठरल्यातच जमा होता, म्हणून इकडचे डेमोक्रॅटिक कार्यकर्ते सुट्टीच्या दिवशी डेलावेअर नदी ओलांडून पलीकडच्या, पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीत प्रचाराला जात. मीही जायला लागले. लेव्हिटाउन हा तिथला मोठा भाग: 1952 पासून एकाच साच्यात उभारलेली 17,000 हून अधिक घरं, त्यांतली बरीचशी शेजारच्या फेअरलेस हिल्सच्या पोलाद कारखान्यातल्या कामगारांनी घेतलेली. कारखाना 1991 मध्ये बराचसा बंद झाला. घरं राहिली, माणसंही राहिली.

फोनवरच्या ॲपमध्ये त्या त्या घरातल्या मतदारांचं नाव, वय आणि कुठल्या पक्षाकडे नोंदणी आहे ते दिसे. बेल वाजवायची, थोडं थांबायचं, पुन्हा वाजवायची. कुणीच आलं नाही तर पत्रक दाराच्या मुठीला अडकवायचं. टपालपेटीत टाकायचं नाही, तो गुन्हा आहे. टेपच्या आधी दारं अर्धवट उघडत. नोकऱ्या, औषधांचा खर्च, गोळ्यांच्या आणि हेरॉइनच्या नादी लागलेली पोरं, असं बोलणं होई. टेप आली त्या शनिवार-रविवारी बायका स्वतःहून बाहेर आल्या. मी तोंड उघडायच्या आतच, ‘ऐकलंत ना?’

एका रिपब्लिकन घरातल्या निवृत्त शिक्षिकेने हिरवळीवरची ट्रम्प यांची पाटी उपटून गॅरेजच्या भिंतीला टेकवून ठेवली होती. नवऱ्याने सकाळी ती परत रोवली, हिने पुन्हा उपटली. पाटीच्या तारेचे पाय वाकले होते, त्यांना ओली माती चिकटली होती. ‘माझ्या नातींना या रस्त्यावरून शाळेत जायचंय,’ असं म्हणताना त्यांचा आवाज थरथरत होता.

रविवारी रात्री सेंट लुइसच्या वादसभेत ट्रम्प म्हणाले, त्या लॉकर-रूममधल्या गप्पा होत्या. पुढच्या शनिवारी तेच शब्द मला दारोदार ऐकू आले. लोकांना धरायला काहीतरी हवं होतं, ते त्यांना मिळालं. स्त्रीच्या अंगाला तिला न विचारता हात घालायचा आणि आपण प्रसिद्ध असल्यामुळे ते चालतं म्हणून मिरवायचं, याला गप्पा म्हणायचं? आणि ती टेप झाली तेव्हा, 2005 मध्ये, हा माणूस 59 वर्षांचा होता.

पण मला सगळ्यांत जास्त सांगायचंय ते लेव्हिटाउनमधल्या एका बाईंबद्दल. वय पन्नाशीचं. वृद्धाश्रमात रुग्णसेविकेचं काम करत, नुकत्याच रात्रपाळीहून आलेल्या. निळा गणवेश अंगावर तसाच, पायांतले बूट तेवढे काढलेले. मी टेपचा विषय काढला. त्यांनी जाळीचं दार पुरतं उघडलं आणि शांतपणे म्हणाल्या, ‘हनी, पुरुष बोलतातच असं. माझा पहिला सुपरवायझर नुसता बोलायचा नाही.’ मी विचारलं, तक्रार केलीत? ‘कुणाकडे? तोच तर सुपरवायझर होता.’ मग त्यांनी मुलाबद्दल सांगितलं. पाठ दुखते म्हणून डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या, त्या बंद झाल्यावर हेरॉइन, आता तिसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रात. तीस वर्षं दोन्ही पक्षांची माणसं या दारात येऊन गेली, कुणी काही केलं नाही, निदान हा माणूस इथले कारखाने बंद पडले असं मोठ्याने तरी म्हणतो. त्या ट्रम्प यांनाच मत देणार होत्या. जाताना मला पाण्याची बाटली दिली, उन्हात फिरतेस म्हणून.

टीव्हीवर बसलेली मंडळी म्हणत, ट्रम्प यांचे मतदार त्यांचं बोलणं शब्दशः घेतच नाहीत. या बाईंनी त्यातला शब्द न् शब्द घेतला होता. त्या बोलण्याचा अर्थ त्यांना माझ्याहून चांगला ठाऊक होता. फक्त त्यांच्या आयुष्यात त्या अपमानाची दखल कधी कुणी घेतलीच नव्हती. मग मत देताना त्यांनी तरी तो कशाला मोजावा? मला त्यांचा राग आला नाही. राग आला तो त्या सुपरवायझरचा, आणि तो सोडून सगळ्या गोष्टींचा अभ्यास करणाऱ्यांचा.

स्वतःला लागलेलं मात्र कुणी विसरत नव्हतं. सप्टेंबरात डेमोक्रॅटिक उमेदवार हिलरी क्लिंटन यांनी ट्रम्प यांच्या निम्म्या पाठीराख्यांना ‘डिप्लोरेबल’, म्हणजे धिक्कार करण्याजोगे, ठरवलं होतं. मागून त्यांनी ‘निम्मे’ या शब्दाबद्दल दिलगिरी व्यक्त केली, पण लेव्हिटाउनमध्ये ‘डिप्लोरेबल’ असं छातीवर छापलेले टी-शर्ट घालून लोक दार उघडत. व्हिएतनामला जाऊन आलेले एक आजोबा मला म्हणाले, सिनेटर जॉन मॅकेन त्या युद्धात पकडले गेले म्हणून ट्रम्पने त्यांना हिणवलं तेव्हा मी टीव्ही बंद केला. तरी मत? ‘तो मॅकेनला बोलला. त्या बाई मला बोलल्या.’

आमच्या मराठी मंडळींतही याहून वेगळं काही नव्हतं. टेप आली तेव्हा नवरात्र चालू होतं. मंडळाच्या भोंडल्याला हत्तीभोवती फेर धरून झाल्यावर खिरापत ओळखताना विषय निघालाच, आणि एक काकू डब्याचं झाकण लावत म्हणाल्या, ‘अगं, पुरुष बोलतातच असं. कॅमेऱ्यात सापडला एवढंच.’ ज्यांच्या हातची साटोरी खाऊन आमची मुलं वाढली, त्या काकू. मग 15 ऑक्टोबरला ट्रम्प एडिसनमध्येच आले, रिपब्लिकन हिंदू कोअलिशनच्या कार्यक्रमाला. बॉलीवूडची नाचगाणी झाली, आणि आपण हिंदूंचे मोठे चाहते आहोत असं त्यांनी सांगितलं. आमच्या ओळखीचे एक काका तिथून हरखून आले. ‘आपल्याबद्दल किती चांगलं बोलले!’ मी म्हटलं, ‘काका, आठच दिवसांपूर्वी आलेली ती टेप मीनलसमोर लावाल का?’ मीनल त्यांची लेक, कॉलेजात शिकणारी. काका म्हणाले, ‘त्याचा नि याचा काय संबंध?’ मीनल तिथेच बसली होती. ती उठून आत गेली. काकांच्या ते लक्षातही आलं नाही.

28 ऑक्टोबरला एफबीआयच्या संचालकांचं क्लिंटन यांच्या ईमेलबद्दलचं पत्र आलं आणि टेप मागे पडली. तोवर ट्रम्प यांच्यावर एकामागून एक बायका जाहीर आरोप करत होत्या, पण दारात त्या बायकांचं नाव कुणी घेईना. शेवटच्या शनिवारी मी त्या शिक्षिकेच्या घरी पुन्हा गेले. हिरवळ मोकळी होती. मला वाटलं, जमलं. त्या म्हणाल्या, ‘अध्यक्षाची जागा मी कोरी सोडणार. त्याला देववत नाही, आणि तिला दिलं तर घरात बोलणं बंद होईल.’

बक्स काउंटी क्लिंटन यांनी एका टक्क्याहून कमी फरकाने राखली. राज्य 44,292 मतांनी गेलं. 1988 नंतर पेनसिल्व्हेनियाने पहिल्यांदाच रिपब्लिकन उमेदवार निवडला. दुसऱ्या दिवसापासून पंडित लिहू लागले की वादग्रस्त वक्तव्यांचा मतदारांवर काही परिणाम होत नाही. मी हे मानायला तयार नाही. उपटलेली पाटी मी पाहिली आहे, कोऱ्या जागेबद्दल ऐकलं आहे, आणि मीनल पुढच्या जानेवारीत वडिलांना न विचारता वॉशिंग्टनच्या महिला मोर्चाला गेली हेही मला ठाऊक आहे. काकांनी मला फोन करून विचारलं, तिला तू नेलंस का? मी सांगितलं, नाही, तिची ती गेली. का गेली ते तिलाच विचारा.