घरापासचा परदेश

परदेशातल्या विद्यापीठांची मुले पाठीवर तंबू बांधून कुठल्याशा दुर्गम पर्वतात अभ्यासाला जातात. त्यांची छायाचित्रे पाहून आमच्या प्राणिशास्त्राच्या प्राध्यापकांना दरवर्षी हुरूप येतो. पण धुळ्याच्या कॉलेजाची ऐपत ती किती! तेव्हा आमचा आल्प्स म्हणजे सातपुडा आणि मुक्काम तोरणमाळ. गेल्या हिवाळ्यात त्यांना सोबत आणखी एक शिक्षक हवा होता. नियमाला माणूस लागतो, त्याचा विषय लागत नाही; म्हणून मराठीचा मी त्यात सामील झालो.

तोरणमाळ १९९८ पर्यंत आमच्याच धुळे जिल्ह्यात होते. पुढे नंदुरबार जिल्हा निराळा झाला आणि ते तिकडे गेले. हजार मीटरांहून उंच असे ते पठार, मधोमध यशवंत तलाव, जवळच सीताखाईची खोल दरी. तिथल्या थंडीने पहिल्याच रात्री आम्हा मैदानी मंडळींचे दात वाजवले.

आम्ही गेलो होतो रानपिंगळा पाहायला. या वीतभर पक्ष्याचा इतिहास एखाद्या रहस्यकथेसारखा आहे. ह्यूम या इंग्रजाने १८७३ साली त्याचे पहिले वर्णन केले. १८८४ नंतर तो कुणाला दिसेना. रिचर्ड माइनर्टझॅगन नावाच्या अधिकाऱ्याने १९१४ साली तो मिळवल्याचे सांगितले होते. पण तो नमुना संग्रहालयातलाच जुना, चोरून नवी चिठ्ठी लावलेला निघाला! अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सोबत्यांना तो आमच्या शहाद्याजवळच्या रानात दिसला. एकशे तेरा वर्षे ज्याची खात्रीची नोंद झाली नव्हती, तो फांदीवर ऊन खात बसला होता.

आमच्या चमूत धडगावकडचा एक पावरा मुलगा होता. तो माझ्याही वर्गात होता. खरे म्हणजे, असे. पहिल्या सहामाहीत त्याचा निबंध लिंगवचनाच्या चुकांनी इतका भरला होता, की मी तो लाल शाईने रंगवून वर्गात वाचून दाखवला आणि विचारले, "काय रे, घरी मराठी बोलत नाहीत वाटतं?" वर्ग खो खो हसला. त्यानंतर तो माझ्या तासाला आला नाही. मीही चौकशी केली नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही दुर्बिणी गळ्यात अडकवून रानात हिंडत होतो. दोन तास गेले, पिंगळा नाही. तो मुलगा मात्र एकदम थांबला. कान देऊन त्याने हात वर केला आणि एका निष्पर्ण झाडाकडे बोट दाखवले. पाहतो तो फांदीवर एक ठेंगणा, गुबगुबीत जीव शेपटी हलवीत बसलेला. डोक्यावर साध्या पिंगळ्यासारखे ठळक ठिपके नव्हते. प्राध्यापकमहाशयांचा आवाज आनंदाने फुटेना.

"तुमच्याकडे याला काय म्हणतात?" मी विचारले. त्याने सांगितले. मी म्हणून पाहिले, मुले हसली. पुन्हा म्हटले, आणखी हसली. तो हसला नाही. म्हणाला, "सर, परत म्हणा. होईल."

त्या दोन शब्दांनी मला जे लागले, ते कुणी कानशिलात दिल्यानेही लागले नसते. वीसेक वर्षांपूर्वी पुण्यात एम. ए. करताना मी भर वर्गात 'माझा' म्हणायच्या जागी 'मना' म्हणून गेलो होतो. घरी आई अहिराणीच बोलायची, जिभेला तेच वळण. वर्ग हसला होता, आणि पुढचे दोन आठवडे मी तोंड उघडले नव्हते. हे सारे मी विसरलो कसा? की विसरलो नव्हतो, फक्त हसणाऱ्यांच्या बाजूला जाऊन बसलो होतो?

रात्री शेकोटीपाशी मी वही काढली आणि त्याला झाडांची, पाखरांची, पायवाटांची नावे विचारू लागलो. तो सांगे, मी लिही. चाळीसेक शब्द झाल्यावर वही त्याच्यापुढे ठेवून म्हणालो, "तपासून दे." त्याने पेन्सिल घेतली आणि बराच वेळ खाली मान घालून वाचत राहिला. वही परत आली तेव्हा निम्म्याहून अधिक शब्द चुकलेले होते. त्याने एकही खोडला नव्हता. प्रत्येकाच्या शेजारी, बारीक अक्षरात, बरोबर शब्द लिहिला होता.

परतीच्या प्रवासात मी त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि वर्गातल्या त्या दिवसाबद्दल क्षमा मागितली. तो खिडकीबाहेर पाहत राहिला. शहादा आल्यावर म्हणाला, "सोमवारी तास कितीला आहे, सर?"

मी वेळ सांगितली. सोमवारी तो आला. शेवटच्याच बाकावर बसला. माझी लाल शाईची दौत अजून टेबलावर आहे. पण हल्ली मी पेन्सिल वापरतो.