पोळ्याचा न कापलेला भाग

बल्लारशा स्थानकाच्या भिंतींवर ताडोबाचं जंगल रंगवलेलं आहे. 2018 मध्ये सुंदर स्थानकांच्या स्पर्धेत चंद्रपूर आणि बल्लारशा या जोडीला रेल्वेने देशात पहिला क्रमांक दिला, तो या चित्रांमुळेच. दिल्ली-चेन्नई मार्गावरचा प्रवासी फलाटावर उतरतो, भिंतीवरच्या वाघाजवळ उभा राहून फोटो काढतो आणि जंगलाची एखादी वस्तू सोबत न्यावी असं त्याला मनापासून वाटतं. रानमध विकणाऱ्याला यापेक्षा सोयीचं काय असणार? बाटलीवर वाघ छापायचा, खाली ‘ताडोबा’ लिहायचं आणि किंमत चढवायची.

मी ते करत नाही. माझा मध पोंभुर्णा, गोंडपिपरी, राजुरा आणि वैनगंगेपलीकडे आलापल्ली-एटापल्लीच्या बाजूने येतो. ताडोबा राष्ट्रीय उद्यानाच्या गाभ्यातून मध निघत नाही आणि निघूही नये. मग ते नाव लावून मी कशाचे पैसे घेऊ?

बल्लारशा हे ज्याचं स्थानक, त्या बल्लारपूरला महागड्या मालाची सवय आहे. इथल्या डेपोतला सागवान देशभर जातो. अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी 2023 च्या मार्चमध्ये लाकूड इथूनच रवाना झालं. सागाच्या ओंडक्यावर हातोड्याचा ठसा असतो. तो कुठल्या कूपातून, म्हणजे जंगलाच्या कुठल्या तोडणी-तुकड्यातून आला, हे नोंदीत सापडतं आणि त्या भरवशावर लिलावाची बोली चढते. मधाला ठसा मारता येत नाही. एकदा पिंपात ओतला की एटापल्लीचा मध आणि साखरेचा पाक शेजारी शेजारी बसतात आणि डोळ्यांना फरक कळत नाही. डिसेंबर 2020 मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने 13 ब्रँडचे नमुने जर्मनीतल्या प्रयोगशाळेत तपासून घेतले, तेव्हा त्यातले 10 ब्रँड भेसळ ओळखणाऱ्या तिथल्या एनएमआर चाचणीत नापास झाले. तेव्हापासून गिऱ्हाईक मला पहिला प्रश्न ‘शुद्ध आहे का’ हाच विचारतं. प्रश्न योग्यच आहे, पण अपुरा आहे. शुद्ध मधसुद्धा वाईट रीतीने काढलेला असू शकतो.

आग्या माशीचं पोळं उघड्यावर, उंच झाडाच्या फांदीला किंवा कड्याला लटकतं. एकच मोठा पडदा, कधी हातभर तर कधी त्याहून रुंद. मध असतो वरच्या कोपऱ्यात, फांदीला चिकटून. खालचा सगळा भाग म्हणजे अंडी, अळ्या, कोष, आणि त्यांच्या वर परागाचा पट्टा. जुनी रीत अशी की रात्री टेंभा पेटवायचा, माश्या जाळायच्या, पोळं अख्खं उतरवायचं आणि अळ्यांसकट पिळायचं. त्या मधाला आंबूस वास येतो, रंग गढूळ होतो आणि तो टिकत नाही. वसाहत तर संपतेच.

दुसरी रीत आपल्या विदर्भातच घडली. वर्ध्याच्या डॉ. गोपाल पालीवाल यांनी ती कितीतरी गावांत शिकवली आणि धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाने ती आपलीशी केली. अंगभर जाड कपडे, तोंडावर जाळी, हलका धूर, फक्त मधाचा कोपरा कापायचा, बादलीत घ्यायचा, स्वच्छ फडक्यातून निथळू द्यायचा. पिळायचं नाही. खालची पिल्लं तशीच राहतात, माश्या कोपरा पुन्हा बांधतात आणि फुलोरा असेल तर त्याच पोळ्यातून त्याच हंगामात परत मध मिळतो. आलापल्लीकडचा माझा एक जुना मधकाढ्या म्हणतो, “भाऊ, पोरं कापली तं माशी मंग त्या झाडावर बसत नाई.”

महाग मध म्हणजे काय, याचं माझं उत्तर या दुसऱ्या रीतीत आहे. व्यापारी वजनावर पैसे देतो. वजनाचा भाव असला की अख्खं पोळं पिळणारा फायद्यात आणि कोपरा कापून खाली उतरणारा तोट्यात. सरकारने 2020 मध्ये रानमधाची किमान आधारभूत किंमत किलोला 225 रुपये केली. ती आधार म्हणून हवीच, पण तीही किलोचीच. जो माणूस उंच अर्जुनाच्या झाडावर चढतो आणि पोळ्याचा मोठा भाग मुद्दाम सोडून येतो, त्याला त्या सोडण्याचे पैसे कुणी द्यायचे? मी देतो, आणि माझ्या बाटलीला बाजारातल्या साध्या बाटलीच्या दुपटीहून जास्त किंमत पडते ती मुख्यतः त्यामुळे. गिऱ्हाईक झाडावर राहिलेल्या पोळ्याचे पैसे मोजतं. हे त्याला समजावून सांगणं म्हणजे माझा धंदा. बाटली भरणं त्यामानाने सोपं आहे.

सोपं म्हटलं, पण मे महिन्यात नाही. बल्लारपुरात पारा 46-47 वर जातो आणि मधाचा मुख्य हंगामही नेमका तेव्हाच असतो. जांभूळ, करंज, कडुनिंब फुलून गेलेले असतात, पोळी जड झालेली असतात. उष्णतेने मधातल्या साखरेतून एचएमएफ नावाचं द्रव्य तयार होतं. आपल्या अन्नसुरक्षा नियमांत त्याची मर्यादा किलोमागे 80 मिलीग्रॅम आहे. पत्र्याच्या छपराखाली मध ठेवला तर तो विकायच्या आधीच म्हातारा होतो. म्हणून जाड भिंतींची, उत्तरेकडची खोली, ओल्या गोणपाटाचे पडदे, आणि माल संध्याकाळनंतरच हलवायचा. पडद्याची ओल मधाला लागू नये म्हणून डबे झाकणाला मेण लावून बंद. पाण्याचं प्रमाण 20 टक्क्यांच्या आत हवं आणि आग्या मध मुळात पातळ. पावसाळ्यानंतरचा तर फारच. भट्टीवर तापवून घट्ट करणारे आहेत. मला ते पटत नाही. त्यापेक्षा मेणाने बंद झालेली घरंच कापा असं मी सांगतो, डबा आला की पाणी मोजायला रिफ्रॅक्टोमीटरवर थेंब ठेवतो आणि आकडा जास्त आला तर तो मध महागड्या बाटलीत जात नाही. आणणाऱ्याच्या समोरच आकडा वाचायचा, हे मी कटाक्षाने पाळतो.

नागपूरच्या गिऱ्हाइकांशी बोलणं निराळंच. “भाऊ, मागच्या वेळचा पिवळा होता, हा काळपट कसा?” असं एका ताईंनी विचारलं, तेव्हा मी त्यांना दोन्ही बाटल्या चाखायला दिल्या आणि झाडांची नावं सांगितली. रंग बदलतो कारण फुलं बदलतात; वर्षभर एकाच रंगाचा रानमध विकणाऱ्याकडून मी स्वतः मध घेणार नाही. थंडीत मध गोठला की बाटली परत येते, साखर घातली म्हणून. तो गोठतो द्राक्षशर्करेमुळे, आणि कोमट पाण्यात बाटली ठेवली की पुन्हा पातळ होतो. हे बाटलीवर मोठ्या अक्षरांत लिहायला हवं, मागच्या कोपऱ्यात बारीक नाही.

न्यूझीलंडचा मानुका मध जगात महाग विकला जातो तो प्रयोगशाळेतून आलेल्या आकड्याच्या जोरावर. सुंदरबनच्या मधाला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. आमच्याकडच्या मधालाही तसं नाव मिळावं, पण ते कुणाच्या हातात राहील याची मला काळजी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने मधाला गौण वनोपज म्हटलंय आणि त्यावरचा हक्क वनात राहणाऱ्यांचा मानलाय. मेंढा (लेखा) गावाला 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला आणि पुढे गडचिरोली जिल्ह्यात शेकडो ग्रामसभांना. नाव घ्यायचं तर त्या ग्रामसभांनी घ्यावं, माझ्यासारख्या भरणाऱ्याने नाही. बाटलीवर गावाचं नाव वर आणि माझं खाली, अशी चिठ्ठी मी गेल्या हंगामापासून लावतो. नागपूरचे एक दुकानदार म्हणाले, “ही गावं कुणाला ठाऊक आहेत? वाघ टाका.” मी त्यांना सांगितलं, पुढच्या चिठ्ठीवर किमतीची फोडही येणार आहे: मध काढणाऱ्याला किती, ग्रामसभेला किती, बाटली-वाहतुकीला किती, तुम्हाला किती आणि मला किती. ते अजून तयार झालेले नाहीत. बोलणी चालू आहेत.