आंब्याखालचं सोयाबीन

त्र्यंबकच्या बाजूला सावलीचं गणित निफाड-येवल्यासारखं मांडून चालत नाही. जुलै-ऑगस्टात इथं ब्रह्मगिरीचा डोंगर दिवसचे दिवस दिसत नाही. झाड नसलेल्या वावरातही पीक ढगांच्या सावलीतच वाढतं. त्यावर आंब्याची सावली म्हणजे दुहेरी मार. म्हणून माझं ठाम मत आहे, की वाडीत सोयाबीन घ्यायचं तर छाटणी झाडाची करावी, पिकाची नव्हे.

रोजगार हमीतून 1990 पासून फळबागा लागू लागल्या. 10 बाय 10 मीटरवर कलमं लावली की पहिली काही वर्षं मधल्या पट्ट्यात काहीही येतं. घेर वाढला की सोयाबीन तक्रार करू लागतं. कांडी लांबते, पान पातळ होतं, झाड लोळतं. बुंध्याजवळचं एखादं झाड उपटून पाहा. मुळांवरच्या गाठी मोजक्याच, बारीक. नखानं फोडली तर आतला गुलाबी रंग फिका. पानाला ऊन नाही, तर गाठीतल्या जिवाणूंना साखर कुठून मिळणार? नत्र कमी पडतं, फुलं गळतात, शेंगेत दाणा भरत नाही.

असं उंच गेलेलं पीक पाहून काहीजण विळ्यानं शेंडे मारतात. माजलेल्या, उघड्या रानात त्यानं फांद्या फुटतीलही. सावलीत मात्र उपाशी झाडाच्या तोंडचा घास काढल्यासारखं होतं.

आंब्याची छाटणी फळं उतरली की लगेच. मधली सरळ वर गेलेली फांदी, जमिनीकडं ओघळलेल्या आणि एकमेकींत घुसलेल्या फांद्या, एवढ्याच काढायच्या. करवतीनं आधी खालून चीर द्यायची, मग वरून कापायचं, नाहीतर साल सोलत खाली येते. फांदीच्या बुडाशी सुजल्यासारखी कड असते, ती राखायची. चीक अंगावर घ्यायचा नाही, कातडी भाजते. कापाला मोरचूद-चुन्याची बोर्डो पेस्ट. आमच्याकडची माणसं भाताच्या राबासाठी ऐनाची झाडं तोडण्यात तरबेज. ऐन कितीही छाटला तरी फुटतो. तोच हात आंब्यावर चालवला, तर मोहराची वाट बघत बसावं लागतं.

छाटूनही सावली उरतेच. त्र्यंबक साधारण 20 अंश अक्षांशावर. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात दुपारचा सूर्य डोक्यावर असतो (दिसला तर!), सावली घेराखालीच राहते. सप्टेंबरअखेर, शेंगा भरताना, 5 मीटर झाडाची भर दुपारची सावली उत्तरेला जवळपास 2 मीटर पडते. 45 सेंटीमीटरच्या चार ओळी गेल्या. त्या पट्ट्यात मी हळद लावतो, तिला सावली चालते.

घेर एकमेकांना भिडलेल्या जुन्या बागेत मात्र सोयाबीन पेरूच नका. तिथं बियाण्याचे पैसेही सुटत नाहीत.